लॉनला खत टाकलं तरी पंधरा दिवसांत परत पिवळं? (लॉन मेंटेनन्सवाल्यांसाठी)

पुण्यात बंगल्यांची आणि सोसायट्यांची लॉन कापायचं काम करणारे बरेच जण वर्ष-दोन वर्षांनी खताची सर्व्हिस चालू करतात, कारण गिऱ्हाईकच विचारतं, "दादा, कापायला येताच आहात तर खत पण टाकत जा ना." आपल्यालाही वाटतं सोपं काम आहे, मशीन लागत नाही, माणूस आहेच. पहिल्या महिन्यात लॉन हिरवंगार होतं, सगळे खूश, आणि मग फोन सुरू होतात. परत पिवळं पडलं, पट्टे पडले, जळलं, तुमच्या खताने वाट लावली. आपण परत जातो, परत युरिया टाकतो, परत तेच. आमचं काम बाणेर, बालेवाडी, वाघोली या भागात आहे आणि नवीन पोरं खताचं काम चालू केल्यावर पहिला फोन याच तक्रारीचा करतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय.

माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडच्या पिवळ्या लॉनला बऱ्याचदा भूक लागलेलीच नसते. पिवळं का पडलं हे शोधायच्या आधी खत टाकलं की ही तक्रार दर महिन्याला येणारच, खत कितीही भारीतलं आणा.

आधी गिऱ्हाईकाला एवढंच विचारा की खत टाकल्यावर किती दिवसांनी पिवळं पडलं. दोन-तीन दिवसांत पडलं असेल तर खताने पोळलंय. आठवड्याभरात कुठे गडद कुठे फिकट दिसायला लागलं तर टाकताना सारखं पडलेलं नाही. पंधरा-वीस दिवस हिरवं राहून मग पिवळं झालं तर गोष्ट वेगळी आहे, खरा वेळ खाणारा प्रकार तोच, त्याच्याकडे नंतर येतो.

पोळण्याचं आधी. हे जवळपास नेहमी तीन कारणांनी होतं, जास्त टाकलं, ओल्या पानावर टाकलं किंवा वरून पाणी कमी पडलं. मुठीच्या अंदाजाने टाकणं बंद करा, प्रत्येकाची मूठ वेगळी असते आणि दुपारी थकल्यावर तर अजून वेगळी. घरातला किचनचा वजनकाटा घ्या, एक प्लॅस्टिकचा मग ठरवून ठेवा, त्यात कुठलं खत किती ग्रॅम बसतं ते मगावरच मार्करने लिहा. आता हिशोब असा की युरियात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन) असतं, म्हणजे १००० स्क्वेअर फुटाला अर्धा किलो युरिया टाकला की २३० ग्रॅम नत्र गेलं. एका वेळेला एवढं बास आहे. एक किलो ही अगदी वरची मर्यादा समजा आणि एप्रिल-मेच्या उन्हात तिच्या जवळपास पण जाऊ नका. अमोनियम सल्फेट वापरत असाल तर त्यात साधारण २१ टक्के नत्र, म्हणजे तेवढंच काम करायला १००० फुटाला एक किलोच्या थोडं वर लागेल, आणि १९:१९:१९ (नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅश, प्रत्येकी १९ टक्के) वापरलं तर सव्वा किलो. जागा गुंठ्यात सांगितली तर गोंधळू नका, एक गुंठा म्हणजे १०८९ फूट, सरळ १००० चाच डोस लावा. आणि जागा स्वतः टेपने मोजा, गिऱ्हाईकाच्या तोंडचा आकडा घेऊ नका, "दोन हजार फूट आहे" म्हणतात आणि त्यात पार्किंग आणि पाथवे पण धरलेला असतो.

पान कोरडं पाहिजे. सकाळी दव असताना किंवा स्प्रिंकलर नुकताच बंद झालेला असताना दाणा टाकला तर तो पानालाच चिकटून तिथेच विरघळतो आणि ठिपके-ठिपके जळतात. दव सुकल्यावर टाका आणि टाकल्या टाकल्या पाणी द्या.

हे पाणी द्या म्हणजे किती, इथेच सगळं अडतं. खत पानावरून खाली मुळापर्यंत न्यायला साधारण ६ मिलिमीटर पाणी लागतं. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरला एक लिटर, म्हणजे १००० फुटाला, जे जवळपास ९३ चौरस मीटर होतात, साडेपाचशे लिटर पाणी झालं. आता त्या बंगल्याच्या नळाखाली १५ लिटरची बादली धरा आणि मोबाईलवर सेकंद मोजा. मिनिटात बादली भरली तर पाऊण तासाच्या आसपास पाइप फिरवावा लागेल. आणि प्रत्यक्षात काय होतं तर आपला माणूस खत टाकून निघतो, जाताना सांगतो "काकू, पाणी मारून घ्या", काकू संध्याकाळी कामवाल्या मावशींना सांगतात, मावशी पाच मिनिटं वरवर पाणी मारतात, पान ओलं होतं, माती कोरडीच, आणि दाणा अर्धवट विरघळून बसतो. तिसऱ्या दिवशी फोन, "अहो दादा, जळलं की सगळं." म्हणून माझा आग्रह आहे की खताच्या भेटीत पाणी आपणच द्यायचं, त्या पाऊण तासाचे पैसे रेटमध्ये धरायचे, आणि टँकरवर चालणारी सोसायटी असेल आणि त्या दिवशी पाणी नसेल तर खत न टाकता परत यायचं. कोरडं खत उन्हात पडून राहिलं की आपल्या चुनखडीच्या जमिनीत त्यातलं नत्र अमोनिया होऊन हवेत जातं ते वेगळंच, म्हणजे पैसे पण गेले आणि लॉन पण गेलं. उलट जुलैत धो-धो पावसाचा अंदाज असताना पण टाकू नका, सगळं वाहून गटारात जाईल.

ज्याचं पोळलंय त्याचं काय करायचं, तर लगेच भरपूर पाणी, दोन-तीन दिवस रोज, माती ओली होऊन खत खाली जाईपर्यंत. सिलेक्शन वन किंवा दुर्वाच्या जातीचं गवत असेल तर पान जळलं तरी खालचे धावते फुटवे जिवंत असतात, साधारण तीन-चार आठवड्यांत भरून येतं, लगेच उपटून नवीन रोल टाकायचा खर्च गिऱ्हाईकाला सांगू नका. मेक्सिकन कार्पेटला जास्त वेळ लागतो कारण ते मुळात हळू वाढतं.

पट्ट्यांचं लवकर उरकतो. हाताने फेकताना एका दिशेने चालत गेलात तर पट्टे पडणारच. ठरलेलं खत दोन वाटण्यांत घ्या, एक वाटणी उभी फेका, दुसरी आडवी. अर्धा किलो युरिया १००० फुटावर सारखा पसरणं अवघड आहे, म्हणून घमेलंभर चाळलेल्या कोरड्या रेतीत किंवा गांडूळखतात मिसळा आणि मिसळल्यावर लगेच वापरा, ठेवून दिलं तर ओलसर होऊन गोळे होतात. गोणीतले गोळे फोडूनच घ्या, एक गोळा पडला की तिथे वाटीएवढा जळका डाग. पट्टे पडलेच असतील तर फिकट पट्ट्यावर अंदाजाने अजून खत मारत बसू नका, दोन-तीन कटिंगनंतर फरक कमी होतो.

आता मुख्य तक्रार. खत टाकलं, हिरवं झालं, पंधरा-वीस दिवसांत परत पिवळं, परत टाकलं, या वेळी तेवढं पण हिरवं झालं नाही.

अशा लॉनवर गेलात की उभ्याने बघून उपयोग नाही, खाली बसा आणि एक काडी मुळाजवळून उपटून हातात घ्या. दोन गोष्टी बघायच्या. खालची जुनी पानं आधी पिवळी आहेत का वरची कोवळी? जुनी पिवळी आणि कोवळी बऱ्यापैकी हिरवी, सगळीकडे सारखाच फिकटपणा आणि गवताची वाढ पण मंदावलेली असेल तर नत्र कमी आहे, खत द्या, फरक पडेल. पण वरची नवीन पानं पिवळी, जवळून बघितलं तर शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, लांबीने बारीक रेघा मारल्यासारखं पान, आणि गवत मात्र वाढतंय, दर आठवड्याला पोतं भरून कापलं जातंय, तर ते लोह कमी पडल्याचं लक्षण आहे. तिथे युरिया टाकला की वाढ अजून जोरात होते, नवीन पान अजून येतं, त्याला लोह अजून कमी पडतं आणि पिवळेपणा वाढतो. गिऱ्हाईकाला वाटतं खत कमी पडलं, आपण अजून टाकतो. हे चक्र मी इतक्या सोसायट्यांमध्ये बघितलंय की आता नवीन काम घेताना पहिलं हेच तपासतो.

आणि गंमत म्हणजे मातीत लोह नसतं असं अजिबात नाही. आपल्या काळ्या जमिनीत लोह भरपूर असतं, पण पीएच (मातीची आम्लता-अल्कता सांगणारा आकडा) ८ च्या पुढे आणि चुनखडी मोकळी, त्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. चुनखडी आहे का बघायचं असेल तर सुकी माती वाटीत घ्या, वर पांढरं व्हिनेगर ओता आणि कान जवळ न्या, फसफस आवाज आला, बुडबुडे दिसले की समजा चुनखडी आहे. बंगल्याच्या लॉनमध्ये तर बांधकामाचा राडारोडा भरून वर सहा इंच लाल माती टाकलेली असते. खुरपं घाला, चार-पाच इंचांवर सिमेंटचे खपले, प्लास्टरचे तुकडे, विटांचे रोडे निघतील. सिमेंट म्हणजे परत चुनाच. मी तो खपला गिऱ्हाईकाच्या हातात ठेवतो, त्यानंतर खताबद्दलचं बोलणंच बदलतं.

यात अजून एक भर घातलेली असते ती डीएपीची. कितीतरी माळी दर महिन्याला डीएपी फेकतात, काळा दाणा म्हणजे दमदार खत अशी समजूत. डीएपी म्हणजे १८:४६:०, त्यात स्फुरद ४६ टक्के, आणि जम बसलेल्या लॉनला स्फुरद फार थोडं लागतं. जास्तीचं स्फुरद मातीत साठत जातं आणि लोह, जस्त अजूनच अडकवतं. नवीन लॉन लावताना एकदा दिलं ठीक आहे, नंतर मातीचा रिपोर्ट कमी म्हणत असेल तरच.

खात्री करायची सोपी पद्धत म्हणजे लॉनच्या पिवळ्या भागात दोन चौकोन आखा, एक मीटर बाय एक मीटर, चार कोपऱ्यांना खिळे आणि दोरी. एकात चमचाभर युरिया पाण्यात विरघळवून झारीने द्या आणि वरून अजून झारीभर साधं पाणी, दुसऱ्यावर लोहाची फवारणी. चार-पाच दिवसांनी फोटो काढा. लोहाचा चौकोन हिरवा आणि युरियाचा तसाच असेल तर वाद संपला. हे गिऱ्हाईकासमोर करा, सोसायटीचे सेक्रेटरी असतील तर त्यांनाही बोलवा, पुढच्या वर्षीच्या कॉन्ट्रॅक्टला याचा जेवढा उपयोग होतो तेवढा कुठल्याही माहितीपत्रकाचा होत नाही.

लोहाची फवारणी अशी. पंधरा लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, आणि १५ ग्रॅम सायट्रिक अॅसिड. आधी पाण्यात सायट्रिक अॅसिड घालून ढवळा, मग हिराकस. उलटं केलंत आणि पाणी बोअरचं असेल तर डोळ्यांदेखत पाणी तांबूस होतं, म्हणजे लोह तिथेच गंजलं, ते फवारून फायदा नाही. द्रावण फिकट हिरवट दिसलं पाहिजे. दुकानात हिराकस घेताना पण निळसर-हिरवे खडे घ्या, पिवळट-तपकिरी भुकटी झालेलं नको. फवारणी संध्याकाळी, एक पंप १००० फुटाला, फवारल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी नाही आणि कटिंग नाही. त्यात विद्राव्य खत, विशेषतः स्फुरदवालं, मिसळू नका, साका बसतो आणि नोझल पण चोक होतो.

सांभाळायचं ते टाइल्सना. हिराकसचा थेंब कोटा, शहाबाद किंवा पेव्हर ब्लॉकवर पडला की गंजाचा डाग पडतो आणि पाण्याने निघत नाही. कडेच्या दोन फुटांत नोझल खाली धरा, वारा असेल तर फवारूच नका, आणि फवारलेल्या लॉनवरून चालत पोर्चमध्ये येऊ नका, बुटांचे ठसे उमटतात. काही पडलंच तर ओलं असतानाच भरपूर पाण्याने धुवा.

फवारणीने आलेला हिरवा रंग तीन-चार आठवडे टिकतो, कारण कापलं की ते पान जातं आणि नवीन पान मातीतूनच येतं. मुळाशी द्यायचं तर चिलेटमधला (लोहाला धरून विरघळलेलं ठेवणारा पदार्थ) ईडीडीएचए प्रकार घ्या, चुनखडीत तोच टिकतो, ईडीटीए फवारणीला ठीक आहे पण आपल्या मातीत ओतून पैसे वाया जातात. ईडीडीएचए महाग पडतो म्हणून सगळ्या लॉनला न देता हट्टी पट्ट्यांनाच द्या. नत्रासाठी युरियाऐवजी अमोनियम सल्फेट वापरत गेलात तर त्यातल्या अमोनियमने मुळाजवळ थोडी आम्लता येते, हळूहळू मदत होते. एका सीझनमध्ये जमीन बदलेल असं गिऱ्हाईकाला सांगू नका, चुनखडी भरपूर असेल तर ती जन्मभर पुरते, दर महिना-दीड महिन्याला लोह हाच त्या लॉनचा खरा खुराक आहे.

पाणी पण बघा. बऱ्याच मोठ्या सोसायट्यांमध्ये लॉनला एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करून आलेलं पाणी असतं, उन्हाळ्यात त्यात क्षार वाढतात, मातीवर पांढरी पापडी दिसते, गवताची टोकं करपतात. अशा ठिकाणी खताचा क्षार वर अजून घालणं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. क्षार मोजायचा ईसी मीटर स्वस्तात मिळतो, ठेवा एक बॅगेत. पोडियमवर स्लॅबच्या वर जेमतेम नऊ इंच माती असते, तिथे आठवड्यातून एकदा तरी साधं पाणी भरपूर देऊन क्षार खाली धुवावे लागतात, पण आधी ड्रेनेजचं भोक उघडं आहे का बघा, नाहीतर खालच्या पार्किंगमध्ये गळती चालू आणि चेअरमन साहेबांचा फोन.

काही तक्रारींचा खताशी संबंधच नसतो तरी नाव आपल्या खताचंच येतं. ब्लेड बोथट असेल तर पानाची टोकं फाटतात आणि दोन दिवसांत सगळं लॉन वरून पांढरट-पिवळं दिसतं, हात लावून टोक बघा, सरळ कापलंय का चिंध्या झाल्यात. तीन आठवडे न कापता एकदम बुडापर्यंत कापलं तरी खालचे पिवळे दांडे उघडे पडतात, एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. थाळीएवढे गोल जळके डाग आणि कडेला गडद हिरवी रिंग म्हणजे कुत्र्याची शू. पावसाळ्यात गवत हाताने ओढल्यावर सतरंजीसारखं उचलून आलं तर मुळं हुमणीने खाल्लीत, खाली पांढऱ्या गोल वळलेल्या अळ्या सापडतील. आणि पावसाळ्यात नत्र जास्त झालं की बुरशी जोर धरते, तिथे पिवळं दिसलं म्हणून अजून युरिया टाकलात तर डाग पसरतच जाणार.

शेणखताचा आग्रह बरेच काका धरतात. चांगलं कुजलेलं, चाळलेलं असेल तर उत्तमच, पण ट्रॉलीने येतं ते बहुतेक कच्चं असतं, त्यातून तण येतं आणि एकदा लव्हाळा लॉनमध्ये शिरला की पुढची कित्येक वर्षं खुरपं घेऊन बसा. तणनाशक मारायची कामं मात्र खताबरोबर सहज म्हणून घेऊ नका, पैसे घेऊन औषध फवारायला कीटकनाशक कायदा १९६८ खाली परवाना लागतो. खताचंही तसंच, सर्व्हिस देणं वेगळं आणि खत विकणं वेगळं, खत (नियंत्रण) आदेश १९८५ प्रमाणे विक्रीला परवाना पाहिजे, सुटं खत पिशव्यांत भरून गिऱ्हाईकाला विकू नका. अनुदानाचा युरिया शेतकऱ्यांसाठी असतो, पॉस मशीनवर आधार लावून मिळतो, आपल्या धंद्याचं गणित त्या गोणीवर बांधू नका.

रेट काढताना एक गोष्ट नवीन माणसाच्या लक्षातच येत नाही. नत्र दिलं की गवत जास्त वाढतं आणि कापायचं काम आपलंच असतं. महिन्याला दोन कटिंगचं कॉन्ट्रॅक्ट असेल आणि खतानंतर तीन लागायला लागली तर तिसरी फुकट जाते, किंवा वेळेवर न कापल्यामुळे लॉन खराब दिसतं आणि परत तक्रार. म्हणून खताचा रेट ठरवताना वाढीव कटिंग, पाणी द्यायचा वेळ आणि पंधरा दिवसांनी एकदा बघून यायची फेरी हे तिन्ही धरा, १००० फुटाला प्रत्यक्ष खत फार रुपयांचं नसतं, खर्च माणसाचा आणि पेट्रोलचाच आहे. डोस कमी आणि वेळा जास्त ठेवल्या तर वाढ पण एकदम उसळत नाही. आणि कापलेलं बारीक गवत दरवेळी पोत्यात भरून नेऊ नका, त्याच्याबरोबर आपण दिलेलंच नत्र आणि पालाश बाहेर जातं, नियमित कापत असाल तर तिथेच पडू द्या, दोन दिवसांत खाली मुरतं.

काम सुरू करायच्या आधी लॉनचे फोटो, टाकलेलं खत, ग्रॅम, तारीख, पाणी किती वेळ दिलं, हे सगळं गिऱ्हाईकाच्या व्हॉट्सअॅपवर त्याच दिवशी टाका. जळलं म्हणून फोन आला की आधी तो मेसेज वर काढता येतो. मध्ये कोणी माळ्याने स्वतः काही टाकलं का हेही विचारा, हे फार होतं, आपण सोमवारी टाकलं आणि माळीदादांनी शनिवारी परत मूठभर फेकलं.

वर्षाचं वेळापत्रक आम्ही असं ठेवतो: फेब्रुवारी अखेर, एप्रिलमध्ये हलका डोस, पहिले पाऊस स्थिरावल्यावर जूनच्या शेवटी, मग ऑगस्टच्या उघडिपीत आणि ऑक्टोबरमध्ये. डिसेंबर-जानेवारीत खत नाही. पुण्यात रात्री थंड झाल्या की सिलेक्शन वन आणि दुर्वा आपोआप मंदावतात, रंग उतरतो, तेव्हा कितीही टाका, गवत घेतच नाही. हे कॉन्ट्रॅक्ट करतानाच सांगा, नाहीतर नाताळात पाहुणे येणार म्हणून फोन येतात. तेव्हा रंग पाहिजेच असेल तर लोहाची फवारणी द्या, थोडा फरक दिसतो.

त्या दोन महिन्यांत मातीचा नमुना घेऊन टाका, ऑक्टोबरचा डोस होऊन दोन महिने झालेले असतात म्हणून रिपोर्ट खरा येतो. लॉनमध्ये आठ-दहा ठिकाणी चार इंच खोलीपर्यंतची माती, वरचं गवत काढून, सगळी घमेल्यात एकत्र करायची, सावलीत सुकवायची आणि अर्धा किलो पिशवीत भरून द्यायची. शेणखत किंवा खताच्या रिकाम्या गोणीत ती माती ठेवू नका. कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षणाच्या लॅबमध्ये देताना पीएच, ईसी, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश याबरोबर चुनखडी आणि लोह-जस्त पण तपासा असं सांगून लिहून घ्या, नुसतं एनपीके मागितलं तर आपल्याला लागणारी माहितीच त्यात येत नाही. जानेवारीत दिलं की फेब्रुवारीच्या डोसच्या आत रिपोर्ट हातात पडतो.